सिम्युलेशनमधल्या टीसीपीला ईसीएन खरंच कळतंय का? एनएस-३ मध्ये जोडणी, तपासणी आणि मोजमाप

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ऐरोलीला आमच्या सोसायटीत राहणारी, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. प्रोजेक्टचा विषय होता, टीसीपीत (इंटरनेटवर डेटा नीट पोचवण्याच्या नियमांत) ईसीएन (पॅकेट न टाकता कोंडीची सूचना देण्याची सोय) चालू केल्यावर रांगेतला उशीर किती कमी होतो, हे एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरवर मोजणं. तिने दोन आलेख दाखवले, एक ईसीएन बंद असतानाचा आणि दुसरा चालू असतानाचा. दोन्ही रेषा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की वरची रेषा लपवल्याशिवाय खालची दिसेना. ती म्हणाली, "काकू, ईसीएनने फरक पडत नाही असा निष्कर्ष लिहू का?"

मी तिला आलेखामागचे कच्चे आकडे उघडायला सांगितले. थ्रूपुट (दर सेकंदाला पोचलेला डेटा) शेवटच्या दशांशापर्यंत सारखा होता, ड्रॉप झालेल्या, म्हणजे वाटेत टाकून दिलेल्या पॅकेटांची संख्या सारखी होती, आणि पॅकेट कोणत्या मायक्रोसेकंदाला ड्रॉप झालं तेसुद्धा सारखं होतं. ईसीएनने थोडाफार तरी फरक पाडला असता तर आकडे कुठेतरी हलले असते. ते जराही हलत नाहीत, म्हणजे ईसीएन चालूच झालेलं नाही. एनएस-३ मध्ये बीज (ज्यावरून यादृच्छिक आकडे निघतात तो सुरुवातीचा आकडा) तेच ठेवलं तर तोच प्रोग्रॅम कितीही वेळा चालवा, तंतोतंत तेच उत्तर येतं. त्यामुळे एखादं बटण दाबूनही उत्तर तेच आलं, तर ते बटण कुठेही जोडलेलं नाही असं धरून चालावं.

पुढे तीन संध्याकाळी आम्ही बसलो. त्या बैठकांतून जो क्रम तयार झाला तोच इथे देते आहे. माझं एकच आग्रहाचं म्हणणं आहे: आलेख काढायच्या आधी पॅकेटं उघडून बघा. ईसीएन ही चार ठिकाणी मिळून होणारी गोष्ट आहे. चारपैकी एक दुवा तुटला तरी सिम्युलेशन कुरकुर न करता शेवटपर्यंत धावतं आणि चुकीचं उत्तर नीटनेटकं छापून देतं.

आधी यंत्रणा डोळ्यांपुढे आणू

महापे एमआयडीसीतून भिवंडीच्या गोदामाकडे ट्रक निघतात आणि शिळफाट्याला कोंडी आहे, असं समजा. साध्या टीसीपीचा न्याय असा की कोंडी फार वाढली की काही ट्रक माल घेऊन गायबच होतात. गोदामवाला माल मोजतो, तुटीवरून कारखान्याला अंदाज येतो की वाटेत गर्दी आहे, मग तो ट्रक कमी सोडतो आणि हरवलेला माल पुन्हा पाठवतो. ईसीएनमध्ये शिळफाट्यावरचा माणूस ट्रकच्या चलनावर 'इथे गर्दी आहे' असा शिक्का मारतो आणि ट्रक जाऊ देतो. गोदामवाला शिक्का बघून कारखान्याला फोन लावतो. कारखान्याकडून 'ऐकलं, गाड्या कमी केल्या' असा निरोप येईपर्यंत तो फोन करतच राहतो. एकही पोतं हरवत नाही.

आता हेच बिटांच्या भाषेत. आयपी हेडरमधल्या (पॅकेटच्या पत्त्याच्या भागातल्या) दोन बिटांना चार अर्थ आहेत. ० म्हणजे या पॅकेटला ईसीएन कळत नाही. १ आणि २ म्हणजे कळतं, आणि त्यांची नावं ईसीटी-एक आणि ईसीटी-शून्य. नावं आणि आकडे उलटसुलट आहेत हे ध्यानात ठेवा: ईसीटी-शून्यची किंमत २ आहे. ३ म्हणजे सीई, वाटेत कोंडी लागली. टीसीपी हेडरमध्ये दोन फ्लॅग आहेत. ईसीई म्हणजे गोदामवाल्याचा फोन आणि सीडब्ल्यूआर म्हणजे कारखान्याचं 'कमी केल्या'.

सॅली फ्लॉइड यांनी १९९४ मध्ये टीसीपीसाठी ही कल्पना सविस्तर मांडली. सप्टेंबर २००१ मध्ये के. के. रामकृष्णन, फ्लॉइड आणि डेव्हिड ब्लॅक यांच्या नावाने आरएफसी ३१६८ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आला आणि आज आपण ज्याला 'क्लासिक ईसीएन' म्हणतो त्याचे नियम ठरले. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, रामकृष्णन आणि राज जैन यांनी डेकबिट नावाची याच जातीची योजना मांडली होती. एनएस-३ मधल्या ईसीएन आणि डीसीटीसीपीच्या (डेटा सेंटरसाठीच्या टीसीपीच्या) कामात सुरतकलच्या एनआयटीके या अभियांत्रिकी संस्थेचा वाटा आहे, हे त्या मुलीला सांगितल्यावर तिने लगेच सोर्स कोडच्या फायली उघडून वरची नावं वाचायला घेतली.

पायरी १ : नेटवर्क लहान ठेवा, हिशेब कागदावर करा

डावीकडे चार पाठवणारे, उजवीकडे चार घेणारे, मध्ये दोन राउटर आणि राउटरांमध्ये एक अरुंद लिंक. डंबेलच्या आकाराचं हे नेटवर्क पुरेसं आहे. बाजूच्या लिंक १०० एमबीपीएस, उशीर १ मिलिसेकंद. मधली लिंक १० एमबीपीएस, उशीर २३ मिलिसेकंद. एका बाजूने २५ मिलिसेकंद, म्हणजे रिकाम्या रस्त्याचा आरटीटी (जाऊन परत येण्याचा वेळ) ५०.

१० एमबीपीएस गुणिले ०.०५ सेकंद म्हणजे ५ लाख बिट, म्हणजे ६२,५०० बाइट. १५०० बाइटची सुमारे ४२ पॅकेटं वाटेत मावतात. १५०० बाइटचं एक पॅकेट या लिंकवर चढायला १.२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे रांगेत ३० पॅकेटं असतील तर ३६ मिलिसेकंदांचा उशीर आणि १०० असतील तर १२० मिलिसेकंदांचा. हे दोन-तीन आकडे चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवा. पुढे एखादा आलेख २०० मिलिसेकंदांचा उशीर दाखवू लागला की तो कुठून आला हे तुम्हाला लगेच विचारता येईल.

एनएस-३ च्या दोन मूळ किमती इथेच बदलून घ्या. टीसीपीचा सेगमेंट, म्हणजे एका पॅकेटातला डेटा, मुळात ५३६ बाइटचा असतो. तो १४४८ करा. आयपीचे २०, टीसीपीचे २० आणि टाइमस्टॅम्पचे १२ बाइट धरले की बरोबर १५०० होतात. दुसरं म्हणजे पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा बफर. तो मुळात १,३१,०७२ बाइट असतो. आपल्या छोट्या नेटवर्कला तो चालून जाईल, पण पुढे लिंक १०० एमबीपीएसची केलीत की विंडो (पोच न मिळता एका वेळी वाटेत सोडता येणारा डेटा) बफरपाशीच अडेल, रांग भरणारच नाही आणि एकही पॅकेट मार्क होणार नाही, म्हणजे त्यावर शिक्का बसणार नाही. मग तुम्ही ईसीएनमध्ये दोष शोधत बसाल. आधीच ४ एमबी करून मोकळे व्हा.

टीसीपीचा प्रकार, म्हणजे कोंडी बघून वेग कमी-जास्त करायची पद्धत, हाही स्वतःच्या हाताने नोंदवा, न्यूरेनो हवा की क्युबिक ते. मूळ पर्यायावर विसंबलात तर दुसऱ्याच्या संगणकावर वेगळी आवृत्ती असेल आणि आकडे जुळणार नाहीत.

पायरी २ : एकाच नावाची दोन बटणं

त्या मुलीची चूक इथे होती, आणि ती कुणाच्याही हातून होण्यासारखी आहे. एनएस-३ मध्ये 'यूज ईसीएन' या एकाच नावाची सेटिंग दोन ठिकाणी आहे. एक रांगेच्या वस्तूवर, म्हणजे रेड क्यू डिस्कवर (क्यू डिस्क म्हणजे राउटरमधली रांग सांभाळणारा भाग, आणि रेड ही सरासरी रांग बघून पॅकेटं मार्क किंवा ड्रॉप करायची पद्धत). तिथे ती हो किंवा नाही इतकीच असते. दुसरी टीसीपी सॉकेटवर, म्हणजे जोडणीच्या टोकावर, आणि तिथे तिला तीन किमती आहेत: ऑफ, ऑन आणि ॲक्सेप्ट ओन्ली. तिने रांगेवरची चालू केली होती. टीसीपीवरची मुळात ऑफ असते, ती तशीच राहिली. मग सगळी पॅकेटं ० घेऊन रांगेत येत होती. रांग मार्क करायला जायची, पॅकेटला ईसीएन कळत नाही असं दिसायचं आणि नाइलाजाने ते ड्रॉप करायची. ईसीएन नसताना जे झालं असतं तेच, त्याच क्षणी होत होतं.

तीन किमतींचा अर्थ असा. ऑन असलेला पाठवणारा जोडणी सुरू करतानाच 'मला ईसीएन येतं' असं सांगतो. ॲक्सेप्ट ओन्ली असलेला स्वतःहून विषय काढत नाही, पण समोरच्याने काढला तर हो म्हणतो. ऑफ असलेला काही झालं तरी गप्प. म्हणजे पाठवणारा ऑन आणि घेणारा ॲक्सेप्ट ओन्ली ही जोडी चालते, पण दोघंही ॲक्सेप्ट ओन्ली असतील तर विषय कुणीच काढत नाही.

सगळ्या सॉकेटांसाठी एकच मूळ किंमत ठरवायची तर ती प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला, कोणतीही वस्तू तयार करायच्या आधी लिहा. काही जोडण्यांना ईसीएन आणि काहींना नाही असा मिश्र प्रयोग करायचा असेल, तर सॉकेट स्वतः तयार करून प्रत्येकावर वेगळी किंमत बसवा. ॲप्लिकेशनच्या टीओएस (आयपी हेडरमधला सेवाप्रकाराचा बाइट) सेटिंगमधून ईसीएनचे बिट हाताने घालायचा उपद्व्याप मात्र करू नका. ते दोन बिट टीसीपीच्या ताब्यात असतात आणि तिथेच राहू द्यावेत.

पायरी ३ : रांग, आणि रांगेखाली दडलेली दुसरी रांग

डाव्या राउटरच्या मधल्या लिंककडे जाणाऱ्या तोंडावर रेड क्यू डिस्क बसवा. खालची मर्यादा १० पॅकेटं, वरची ३०, रांगेची कमाल लांबी १००. सगळं पॅकेटांत मोजा. एका ठिकाणी पॅकेट आणि दुसऱ्या ठिकाणी बाइट असं झालं की मर्यादांना अर्थ उरत नाही. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी इंटरनेट स्टॅक, मग क्यू डिस्क, मग आयपी पत्ते. पत्ते आधी दिलेत तर एनएस-३ स्वतःचीच एक रांग बसवून मोकळा होतो आणि तुमची बसवायला गेलात की प्रोग्रॅम थांबतो. ही चूक निदान ओरडून सांगते.

पुढच्या दोन चुका ओरडत नाहीत.

पहिली, 'यूज हार्ड ड्रॉप'. रेडमध्ये ही सेटिंग मुळात चालू असते. तिचा अर्थ असा की सरासरी रांग वरच्या मर्यादेपलीकडे फारच वाढली तर ईसीएन कळणारं पॅकेटही मार्क न करता ड्रॉप करायचं. तसं करण्यामागे विचार आहे. शिक्क्यांकडे दुर्लक्ष करणारा एखादा पाठवणारा असेल तर त्याला आवर घालायला ड्रॉप हाच उपाय उरतो. पण तुम्ही ईसीएनचा परिणाम मोजत असाल तर ही सेटिंग बंद ठेवा आणि बंद ठेवली आहे हे अहवालात लिहा. जेंटल पर्याय चालू असेल तर 'फारच वाढली' म्हणजे वरच्या मर्यादेची दुप्पट, आपल्या उदाहरणात ६० पॅकेटं.

दुसरी चूक मला जास्त छळणारी वाटते. क्यू डिस्कच्या खाली नेटवर्क डिव्हाइसची स्वतःची एक साधी रांग असते आणि ती मुळात १०० पॅकेटांची असते. ती भरेपर्यंत पॅकेटं वरच्या रांगेत साचतच नाहीत. म्हणजे १२० मिलिसेकंदांचा उशीर खाली साठून राहतो आणि रेडला त्याचा पत्ताच नसतो. रेड आपल्या १० ते ३० पॅकेटांच्या रांगेकडे बघून सगळं आटोक्यात आहे असं समजतो, आणि पिंग मात्र १७० च्या वर दाखवतं. डिव्हाइसची रांग १ पॅकेटची करा. हा एक बदल केल्यावर त्या मुलीच्या उशिराच्या आलेखाचा सगळा आकारच पालटला. ती बराच वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसली होती.

रेडऐवजी कोडेल, पाय किंवा एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची दुसरी पद्धत घेतलीत तरी चालेल, तिथेही ईसीएनची सेटिंग आहे. शिकताना मात्र मी रेडच सुचवेन. त्याचं गणित हाताने पडताळता येतं.

पायरी ४ : चार आकडे शोधा

आता प्रोग्रॅम चालवा, पण थ्रूपुट बघू नका. पीकॅप फाइल (पॅकेटांची नोंद) काढून वायरशार्क या पॅकेटं बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. फाइल डाव्या बाजूच्या लिंकवर आणि मधल्या लिंकवर, अशी दोन्ही ठिकाणी घ्या. टीसीपीच्या फ्लॅगांची एका बाइटमधली बेरीज मी साध्या दशमान आकड्यांत देते. वायरशार्क ती सोळाच्या पद्धतीत दाखवतं, पण प्रत्येक फ्लॅग वेगळ्या ओळीतही मांडतं, त्यामुळे पडताळा सोपा आहे. सिन (जोडणीची मागणी) म्हणजे २, ॲक (पोच) म्हणजे १६, ईसीई म्हणजे ६४, सीडब्ल्यूआर म्हणजे १२८.

पहिला आकडा १९४. जोडणीचं पहिलं पॅकेट, सिन. २ अधिक ६४ अधिक १२८. नुसते २ दिसले तर पाठवणाऱ्याचं बटण ऑन नाही. इथेच थांबा, पुढचं काही बघण्यात अर्थ नाही. वायरशार्कऐवजी टीसीपीडम्प वापरत असाल तर फ्लॅगांच्या कंसात एस, ई, डब्ल्यू ही तीन अक्षरं ओळीने दिसतील.

दुसरा आकडा ८२. उलट आलेलं सिन-ॲक. २ अधिक १६ अधिक ६४. इथे सीडब्ल्यूआर नसतो, ईसीई एकटाच असतो, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. काही सदोष टीसीपी असे होते की राखीव बिट जसे आले तसे उत्तरात परत पाठवायचे. सिनमध्ये दोन्ही आणि उत्तरातही दोन्ही असा नियम ठेवला असता, तर आंधळेपणाने परत आलेलं उत्तर 'हो' म्हणून खपून गेलं असतं. म्हणून उत्तर मुद्दाम वेगळं ठेवलं. ८२ ऐवजी १८ दिसलं तर घेणाऱ्याने नकार दिला आहे.

यानंतर डेटा पॅकेटांचे आयपी बिट बघा. रांगेत शिरण्याआधी २ असायला हवेत. रांगेतून बाहेर पडल्यावर बहुतेकांचे २ आणि काहींचे ३. ज्या पॅकेटांत डेटा नाही, म्हणजे सिन आणि नुसती ॲक, त्यांचे बिट ० असतात. पुन्हा पाठवलेल्या डेटाचेही ० असतात. आरएफसी ३१६८ चा तसा नियमच आहे. त्यामुळे '० वाली पॅकेटं कशी काय सापडली' म्हणून घाबरू नका, आधी ती कोणती आहेत ते बघा. याचा एक परिणाम मात्र विसरू नका: रांग भरलेली असताना नवी जोडणी मागणारा सिन मार्क होत नाही, ड्रॉप होतो.

तिसरा आकडा ८०. ३ असलेलं पॅकेट पोचल्यावर घेणाऱ्याकडून येणारी ॲक, १६ अधिक ६४. ती एकदाच येत नाही, ओळीने येत राहते. ॲक वाटेत हरवू शकते, म्हणून घेणारा तोच निरोप परत परत देतो.

चौथा आकडा १४४. पाठवणाऱ्याने विंडो कमी केल्यावर पाठवलेलं पहिलं नवं डेटा पॅकेट, १६ अधिक १२८. ते पोचलं की ८० ची माळ तुटते आणि पुन्हा साध्या १६ च्या ॲक दिसू लागतात. पुश फ्लॅग लागलेला असेल तर बेरजेत ८ वाढतील, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्याकडे दुसऱ्या संध्याकाळी १९४ आणि ८२ सापडले, पण ८० काही केल्या सापडेना. शोधता शोधता कळलं की जोडणी बघून झाल्यावर आम्ही गाळणी लावून फक्त पाठवणाऱ्याकडून जाणारी दिशा बघत होतो. ८० उलट दिशेच्या पॅकेटांत असतो. गाळणी काढल्यावर स्क्रीनभर ८०, ८०, ८०, मग एक १४४, आणि लगेच पुढे १६. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आम्ही दोघी बोट ठेवून ओळी मोजत होतो.

पायरी ५ : विंडोने ऐकलं का?

निरोप पोचला हे कळलं. आता पाठवणाऱ्याने तो मानला का ते बघायचं. कंजेशन विंडो आणि कंजेशन स्टेट (पाठवणारा सध्या कोणत्या अवस्थेत आहे) या दोन्हींचा ट्रेस, म्हणजे बदलांची नोंद, घ्या. इथे एक अडचण नेहमी येते. ॲप्लिकेशन आपलं सॉकेट सुरू होण्याच्या क्षणी तयार करतं. त्याआधी ट्रेस जोडायला गेलात तर जोडायला वस्तूच नसते. ॲप्लिकेशन १ सेकंदाला सुरू होत असेल तर ट्रेस जोडायचं काम १.००१ सेकंदाला होईल असं वेळापत्रकात टाका.

ईसीई आल्यावर न्यूरेनोची विंडो निम्मी व्हायला हवी, क्युबिकची ०.७ पट. स्टेट ओपनवरून सीडब्ल्यूआरवर जायला हवी, रिकव्हरी किंवा लॉस या पॅकेट हरवल्यावरच्या अवस्थांवर नाही. आणि ८० च्या वीस ॲक आल्या तरी विंडो एका आरटीटीत एकदाच कमी व्हायला हवी. वीस वेळा निम्मी झाली तर विंडो जमिनीला टेकेल. तुम्ही स्वतःचा टीसीपी प्रकार लिहीत असाल तर ही तपासणी चुकवू नका.

ईसीएन चालू असूनही पहिल्या सेकंदात काही पॅकेटं ड्रॉप झालेली दिसू शकतात. ती चूक नव्हे. रेड रांगेची सरासरी बघतो आणि सरासरीचं वजन मुळात ०.००२ असतं. ती नीट हलायला ५०० पॅकेटांच्या आसपास लागतात. आपल्या लिंकवर ५०० पॅकेटं म्हणजे ०.६ सेकंद, बारा आरटीटी. स्लो स्टार्टमध्ये, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीला, विंडो दर आरटीटीला दुप्पट होते. चार जण एकदम सुटले तर सरासरी जागी होण्याआधीच प्रत्यक्ष रांग शंभरीला पोचू शकते, आणि भरलेल्या रांगेपुढे शिक्का मारून उपयोग नाही, जागाच नसते. म्हणून मोजमाप पहिले काही सेकंद सोडून करा, किंवा तो काळ वेगळा मोजा.

पायरी ६ : मुद्दाम मोडून बघा

चालणारी गोष्ट चालते आहे याची खात्री ती मोडल्यावरच होते. एका वेळी एकच दुवा तोडा आणि काय दिसेल ते आधी लिहून ठेवा.

घेणारा ऑफ करा. सिन १९४ राहील, सिन-ॲक १८ होईल, पुढची सगळी डेटा पॅकेटं ० घेऊन जातील आणि रांगेच्या आकडेवारीत मार्क शून्य येतील. मग घेणारा परत चालू करून रांगेचं बटण बंद करा. आता जोडणी १९४ आणि ८२ अशी नीट होईल, डेटा २ घेऊन जाईल, पण ३ कुठेच दिसणार नाही आणि ड्रॉप पूर्वीसारखे सुरू राहतील. ही दुसरी अवस्था जास्त फसवी असते, कारण जोडणी बघून सगळं आलबेल वाटतं.

तिसरा प्रयोग मिश्र. दोन जोडण्यांना ईसीएन द्या, दोघींना नको, आणि रांग एकच. रांगेच्या आकडेवारीत मार्क आणि ड्रॉप दोन्ही दिसायला हवेत. एनएस-३ मध्ये क्यू डिस्कची आकडेवारी छापली की अनफोर्स्ड मार्क, फोर्स्ड मार्क आणि त्याच नावांचे ड्रॉप वेगवेगळे मिळतात. फ्लो मॉनिटरवर यासाठी विसंबू नका. हरवलेली पॅकेटं तो मोजतो, शिक्के मोजत नाही.

पायरी ७ : काय मोजायचं

बहुतेक विद्यार्थी इथे थ्रूपुट मोजतात आणि हिरमुसतात. लांब चालणाऱ्या जोडणीत, सॅक (नेमकं काय पोचलं ते सांगणारी पोच) चालू असताना, एखादं पॅकेट हरवलं तर ते गाजावाजा न होता पुन्हा पाठवलं जातं. विंडो दोन्ही वेळा सारखीच कमी होते. मग थ्रूपुट जवळपास सारखा येणार यात नवल काय?

ईसीएनचा खरा फायदा छोट्या जोडण्यांना होतो. दहा पॅकेटांच्या निरोपातलं शेवटचं पॅकेट ड्रॉप झालं तर त्याच्यामागे दुसरं काही येत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला तूट कळत नाही आणि पाठवणारा टाइमआउटची वाट बघत बसतो. तेच पॅकेट मार्क होऊन पोचलं तर काम तिथेच संपतं. म्हणून मागे चार लांब जोडण्या सोडा, त्यांच्यामधून दर काही मिलिसेकंदांनी २० केबीच्या छोट्या जोडण्या पाठवा, आणि प्रत्येक छोटी जोडणी पूर्ण व्हायला किती वेळ लागला ते नोंदवा. सरासरी काढून थांबू नका. सगळे वेळ चढत्या क्रमाने लावून शंभरातल्या नव्व्याण्णवाव्याकडे बघा. ईसीएनचं काम तिथे दिसतं.

पण प्रामाणिकपणाचा एक मुद्दा आहे. एनएस-३ मध्ये टाइमआउटची किमान मर्यादा मुळात १ सेकंद असते. लिनक्समध्ये ती २०० मिलिसेकंद आहे. १ सेकंद ठेवलात तर ईसीएन नसतानाची शिक्षा पाचपट दिसते आणि ईसीएन उगाचच जास्त चांगलं ठरतं. दोन्ही मर्यादांवर प्रयोग करा आणि दोन्ही उत्तरं छापा. आपल्या बाजूने झुकणारी मूळ किंमत माहीत असूनही तशीच ठेवणं मला पटत नाही.

एका धावेवर निष्कर्ष काढू नका हे वेगळं सांगायला नको. छोट्या जोडण्यांच्या वेळा यादृच्छिक ठेवा, रन क्रमांक बदलत निदान दहा धावा घ्या आणि ईसीएन चालू व बंद या दोन्हींना तेच दहा क्रमांक वापरा.

डीसीटीसीपीकडे जाणार असाल तर

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आता डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. तिथल्यासारख्या नेटवर्कचं सिम्युलेशन करायचं म्हटलं की डीसीटीसीपी येतोच. तो २०१० मध्ये मांडला गेला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आरएफसी ८२५७ म्हणून आला. क्लासिक ईसीएनला शिक्का दिसला की विंडो निम्मी. डीसीटीसीपी आधी विचारतो, शंभरात किती पॅकेटांवर शिक्का होता? त्या प्रमाणाची चालती सरासरी तो ठेवतो, नव्या निरीक्षणाला एक सोळांश वजन देतो, आणि त्या सरासरीच्या निम्म्याने विंडो कमी करतो. दहा टक्के शिक्के असतील तर विंडो पाच टक्केच उतरते.

वरच्या तपासण्यांपैकी काही इथे बदलतात. घेणारा ८० ची माळ १४४ येईपर्यंत चालवत नाही. शिक्का असेल तेव्हाच ईसीई, नसेल तेव्हा नाही, कारण पाठवणाऱ्याला मोजणी हवी असते. एनएस-३ चा डीसीटीसीपी ईसीएन आपोआप चालू करतो आणि सिन, ॲक अशा पॅकेटांवरही ईसीटी लावतो, त्यामुळे तिथे ० शोधू नका. रेडचं सरासरीचं वजन १ करा, म्हणजे तो या क्षणीची रांग बघेल. आणि डीसीटीसीपी व साधा टीसीपी एकाच रांगेत सोडू नका. साधा टीसीपी प्रत्येक शिक्क्याला निम्मा होत राहतो आणि डीसीटीसीपी सगळी जागा घेऊन बसतो. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या एलफोरएस या कमी उशिराच्या योजनेने यावर दोन जोडलेल्या रांगांचा मार्ग काढला आहे आणि त्यासाठी ईसीटी-एक ही किंमत वापरली आहे, पण तो स्वतंत्र प्रयोगाचा विषय आहे.

अहवाल लिहिताना

आलेखाच्या आधी एक पान पॅकेटांचं लावा. १९४, ८२, ८० आणि १४४ असलेल्या चार ओळी पीकॅपमधून जशाच्या तशा, वेळेसकट. त्याखाली एनएस-३ ची आवृत्ती, टीसीपीचा प्रकार, सेगमेंट, बफर, रांगेच्या मर्यादा, हार्ड ड्रॉपची स्थिती, डिव्हाइसची रांग, टाइमआउटची किमान मर्यादा आणि रन क्रमांक. त्या मुलीने हे पान पहिल्या प्रकरणाच्याही आधी लावलं. तोंडी परीक्षेत तिला पहिला प्रश्न आला, ईसीएन चालू होतं हे कशावरून? तिने पान उलटून दाखवलं आणि ८२ वर बोट ठेवलं.